आज येऊ द्यायचं का?

लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही काय शिकवता, तर मी ‘बीएड, एमएड’ एवढंच सांगते. पूर्वी खरं सांगायचे. शैक्षणिक तंत्रज्ञान आणि कार्यक्रमांचं मूल्यमापन, असं म्हटलं की समोरची बाई जरा थांबायची आणि मग आपल्या मुलाचे बारावीचे पेपर नीट तपासले नव्हते ही तक्रार माझ्याकडे करायची. तिची काही चूक नाही. सरकार, एखादी संस्था किंवा कंपनी शाळांमध्ये काहीतरी नवीन आणते. त्याने मुलांना खरोखर जास्त यायला लागलं का, हे कुणीतरी बघावं लागतं. ते बघणारी मी. नोकरीला लागले तेव्हापासून हेच करते आहे.

हा विषय मी आवडीने घेतला नाही. मी रुजू झाले तेव्हा विभागात मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, अध्यापनपद्धती असं सगळं वाटून झालेलं होतं. मूल्यमापन आणि यंत्रं तेवढी उरली होती. नंतर त्यातच पीएचडी केली, त्यातच प्राध्यापक झाले. आता मला दुसरं काही शिकवता येईल असं कुणाला वाटत नाही, आणि खरं म्हणजे येणारही नाही.

पद्धत सोपी आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मुलांची एक चाचणी घ्यायची. वर्षाने पुन्हा घ्यायची. दुसऱ्या चाचणीच्या गुणांतून पहिलीचे वजा करायचे. जिथे कार्यक्रम नाही अशा काही शाळांमध्येही याच दोन चाचण्या घ्यायच्या आणि दोन्हीकडची वाढ शेजारी शेजारी ठेवायची. यावर जाडजूड पुस्तकं आहेत, मी ती शिकवते, पण मुळात ही वजाबाकी आहे.

आमच्या विभागात तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्यात ओव्हरहेड प्रोजेक्टर आहेत, स्लाइडचं यंत्र आहे, चाकं लावलेल्या लोखंडी पेटीतला टीव्ही आहे, पाठीमागे पोट आलेले संगणक आहेत. गच्चीवर उपग्रहावरून तास भरवण्यासाठी बसवलेली छत्री अजून उभी आहे. तिच्या दांड्याला पाण्याच्या टाकीचा पाइप बांधलाय, त्यामुळे निदान तेवढा उपयोग चालू आहे. यातली प्रत्येक वस्तू शाळांमध्ये गेली तेव्हा तिच्या मूल्यमापनाचा अहवाल झाला. आधीचे माझ्या शिक्षकांनी लिहिले, नंतरचे मी. प्रत्येक अहवालात मुलांची प्रगती झालेली होती. एकही यंत्र वाईट अहवालामुळे बंद पडलं नाही. विजेच्या दाबाने पडली, रिमोट हरवल्याने पडली, ते चालवता येणाऱ्या एकुलत्या एका शिक्षकाची बदली झाल्याने पडली.

मग टॅब्लेट आले.

वाळूजच्या एका कंपनीने आपल्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या, पैशातून जिल्हा परिषदेच्या काही शाळांना टॅब्लेटची पेटी दिली. तिसरी-चौथीचं गणित आणि मराठी त्यात भरलेलं. मुलांनी रोज एक तास त्यावर काम करायचं. मूल्यमापन आमच्या विभागाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. आणि माझ्याकडे आलं म्हणजे प्रत्यक्ष काम माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीकडे गेलं. हे आमच्याकडे सर्रास चालतं आणि यात दोघांचाही फायदा असतो. विभागाला माणूस मिळतं, विद्यार्थ्याला प्रबंधासाठी माहिती मिळते.

ती पडेगावची. तिच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. घरात देव्हारा नव्हता. त्या जागी काचेचं कपाट होतं, आणि त्यात पुस्तकं आईने दर रविवारी पुसून ठेवलेली. वडील वाळूजला दुसऱ्या एका कंपनीत आयुष्यभर शिफ्टच्या बसने जाऊन आले आणि नुकतेच घरी बसले होते. घराण्यात डॉक्टरेटपर्यंत पोचलेली ती पहिली. त्या कपाटात तिचा प्रबंध कुठे ठेवायचा हे आईने ठरवून टाकलं होतं आणि मला ती जागा दाखवलीही होती.

तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. त्याच सुमारास एका अनुदानित महाविद्यालयात तिच्या विषयाची कायम जागा निघाली. अशा जागा आमच्याकडे इतक्या क्वचित निघतात की जाहिरात आली म्हणून लोक एकमेकांना फोन करून खात्री करून घेतात. अट एकच, मुलाखतीच्या वेळी पीएचडी हातात पाहिजे. नसली तर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, तीन महाविद्यालयांत पळापळ करत राहायचं. तिच्या आधीच्या दोघीतिघी अजून तेच करतायत. तेव्हा काम सरळ होतं. शेवटची चाचणी घ्यायची, वजाबाकी करायची, प्रबंध द्यायचा.

वजाबाकी चांगली येणार हे आम्हाला आधीच दिसत होतं. टॅब्लेटच्या शाळांमधली मुलं पहिल्या चाचणीत बरीच मागे होती, तुलनेसाठी घेतलेल्या शाळांपेक्षाही मागे. कारण म्हणून आम्ही घरची परिस्थिती, स्थलांतर, असं जे लिहायचं असतं ते लिहिलं होतं.

शेवटच्या चाचणीची पहिली शाळा तिच्याच बाजूची होती, पडेगाव सोडल्यावर दौलताबादच्या रस्त्यावरून आत वळून. मी सोबत गेले होते. चौथीचा वर्ग, मुलं फरशीवर रांगेत. तिने प्रश्नपत्रिका वाटल्या, सूचना वाचून दाखवल्या. गुरुजी दारात उभे होते. मुलांनी लिहायला सुरुवात करायला हवी होती, पण कुणी करेना. पुढच्या रांगेत दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी पेन्सिल धरून तशीच बसली होती. मी तिला विचारलं, काही समजलं नाही का. ती उभी राहिली.

“बाई, आज येऊ द्यायचं का नाय?”

कुणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच होता, विचारण्याची हिंमत तेवढी हिच्यात होती.

“येऊ द्यायचं म्हणजे?”

“मागच्या टायमाला गुरुजी म्हनले व्हते, येत असलं तरी सोडून द्या. मंग म्या सोडून देलं. आज काय करायचं?”

गुरुजी दारातून तिला खाली बस म्हणाले, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. मी तिला म्हटलं, आज येऊ दे, सगळं येऊ दे. ती बसली, आणि तिच्यामागे सगळा वर्ग लिहायला लागला. मध्येच तिने मान वर करून विचारलं, मागचं सोडलेलंही आता लिहू का. मी नको म्हटलं.

माझी विद्यार्थिनी खिडकीशी उभी होती, उरलेल्या प्रश्नपत्रिका छातीशी धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघायची गरजही नव्हती. पहिली चाचणी खोटी असेल तर वजाबाकी खोटी. ही मुलं आता भराभर जे लिहीत होती त्यातलं टॅब्लेटने किती शिकवलं आणि त्यांना आधीच किती येत होतं, हे वेगळं काढायला आता काही मार्ग नव्हता. पहिली चाचणी पहिल्याच दिवशी घ्यायची असते. तो दिवस परत आणता येत नाही.

चहा घेताना गुरुजींनी सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, उलट इतक्या शिकलेल्या बाईला हे ठाऊक नाही याचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं. काही वर्षांपूर्वी असाच एक कार्यक्रम आला होता. गुरुजी तेव्हा या शाळेत नवीन. त्यांनी मुलांकडून मेहनत करून घेतलेली, त्यामुळे पहिल्या चाचणीत मुलांनी झकास लिहिलं. वर्षाने दुसरी चाचणी झाली, तीही झकास. पण वाढ दिसेना, कारण वाढायला जागाच नव्हती. तालुक्याच्या बैठकीत त्यांच्या शाळेचं नाव प्रगती नसलेल्या शाळांमध्ये वाचलं गेलं. शेजारच्या गावच्या शिक्षकाची मुलं पहिल्यांदा कोरी होती, वर्षाने जरा बरी झाली. त्याला शाल मिळाली.

“मॅडम, तुमी वाढ मागता,” गुरुजी म्हणाले. “पोराला येतंय ह्याचं कुनाला कौतुक नाय. किती वाढलं तेवढं सांगा म्हनतेत. वर गेलेलं दाखवायचं तर आधी खाली उभं राहावं लागतंय.”

मी त्यांना विचारलं की हे त्यांनी एकट्यानेच केलं का. ते हसले. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांतल्या, सगळ्या शाळांच्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. टॅब्लेट यायच्या आधीच्या परिषदेत पोहे खाता खाता हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सूचनाही ठरल्या होत्या. सगळं कोरं सोडायचं नाही, संशय येतो. प्रत्येकाने वेगवेगळ्या ठिकाणी चुकायचं. हुशार मुलांनी जास्त चुकायचं, कारण वर्षाने तीच सगळ्यात वर जाणार. तुलनेच्या शाळांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना टॅब्लेट मिळणार नव्हते, मग त्यांनी कशाला मागे राहायचं?

हा माणूस लबाड नव्हता. त्याचा वर्ग त्या परिसरातला सगळ्यात चांगला होता. त्याने सांगितलं ते मुलं बिनचूक करू शकली, कारण त्याचं सांगणं त्या मुलांना नीट समजत होतं.

परतताना पडेगावला तिला घरी सोडते म्हटलं, तर ती विभागात यायचं म्हणाली. गाडी छावणीत शिरली. मग ती म्हणाली, “मॅडम, एकाच केंद्रात असेल हे.” मी म्हटलं, बघू.

बघायला आठवडाही लागला नाही. ती स्कूटीवर शाळाशाळा फिरली, मी फोन केले. कुणी नाही म्हणालं नाही. एका केंद्रात ठरलेलं दुसऱ्या केंद्रात पोचलं होतं, व्हॉट्सअॅप आहेच. एका मुख्याध्यापक बाईंनी तर मलाच समजावलं. “तुमच्यासाठीच केलं की, मॅडम. तुमचा रिझल्ट चांगला यावा म्हणून.” त्यांच्या आवाजात खोट नव्हती. पाहुण्यांना पहिल्या पंगतीला बसवावं तितक्या आपुलकीने त्यांनी आमची पहिली चाचणी बिघडवली होती.

मी विभागप्रमुखांना सांगितलं. ते माझ्याहून वयाने लहान, हुशार आणि घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की हे लेखी कुठे आहे का. मी म्हटलं, नाही, पण मुलं सांगतात, शिक्षक सांगतात. ते म्हणाले, मग आकडे जे आहेत ते आहेत. चाचणी आपण नियमाप्रमाणे घेतली, मुलांनी जे लिहिलं ते आपण मोजलं. मुलाच्या मनात काय होतं हे मोजायचं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. यात तर्क होता, आणि आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांचं आयुष्य या तर्कावर सुखाने गेलेलं आहे. मी मान्य करत नाही म्हटल्यावर ते पुढे झुकले.

“तुमची नोकरी पक्की आहे, मॅडम. तिची नाही. खरं तुम्ही बोलणार आणि भोगणार ती.”

मी उठून माझ्या खोलीत आले.

कंपनीचा जो माणूस हा कार्यक्रम बघायचा, तो तिशीतला, अदबीने वागणारा. त्याला मी सांगितलं तेव्हा तो सहानुभूतीने म्हणाला की ग्राउंडवर अशा गोष्टी होतात. दुसरा टप्पा मंजुरीला गेला आहे, त्याआधी काहीतरी सकारात्मक मिळालं तर बरं. कार्यक्रम अपयशी ठरला असं मी म्हणते आहे का, असं त्याने स्पष्ट विचारलं. मी म्हटलं, नाही. मग यशस्वी झाला? तेही नाही. सांगता येत नाही, असं मी म्हणते आहे. त्याने ते लिहून घेतलं नाही. माझ्या लक्षात आलं, की ‘हो’ला घेणारे आहेत, ‘नाही’लाही विरोधी गटात घेणारे सापडतात, पण ‘सांगता येत नाही’ हे घ्यायला जगात कुणी बसलेलं नाही.

घरी, उस्मानपुऱ्यात, नवऱ्याला सांगितलं. तो वाळूजला गुणवत्ता विभागात आहे. तो म्हणाला, आमच्याकडे मोजायचा गेजच चुकीचा निघाला तर त्याने तपासलेला सगळा लॉट लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात. मला बरं वाटलं. मग मी विचारलं, आणि महिनाअखेर असेल तर? तो म्हणाला, मग साहेबाची परवानगी घेतो आणि पाठवून देतो. आम्ही जेवायला बसलो.

विद्यार्थिनीला मी माझ्या खोलीत बोलावलं. तीन वाटा होत्या. एक, आहेत ते आकडे घेऊन वजाबाकी करायची आणि गप्प बसायचं. दोन, नवीन शाळा घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची, म्हणजे आणखी वर्ष-दीड वर्ष, शिष्यवृत्तीशिवाय, आणि ती जागा गेलीच. तीन, जे घडलं तेच लिहायचं. यातलं तू निवड, असं तिला म्हणणं मला सोपं होतं. पण मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध टेबलावरून हलत नाही. निवड तिची आहे असं म्हणून मी माझी सुटका करून घेतली असती, तिची नाही. म्हणून पहिल्या वाटेवर मी सही करणार नाही हे मी तिला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तिने टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही ह्याच्या आधी कधी पोरांना विचारलं होतं का?”

तिला टोमणा मारायचा होता की माहिती हवी होती, हे मला कळलं नाही. मी खरं ते सांगितलं. नाही. मी मुलांच्या चाचण्या घेतल्या होत्या, त्यांना प्रश्नावल्या दिल्या होत्या, पण ‘मागच्या वेळी खरं लिहिलं होतंस का’ असं कधी विचारलं नव्हतं. पद्धतीत ते बसत नाही. तळमजल्यावरच्या खोलीतल्या एकेका यंत्राचे अहवाल मला आठवले. सगळ्यांत मुलं आधी फार मागे होती. सगळ्यांत नंतर वर आली होती. शाल मिळालेला तो शेजारचा शिक्षकही माझ्याच कुठल्यातरी तक्त्यात असणार.

“मग मी तेच लिहिते,” ती म्हणाली. “नाय तरी दुसरं काय आहे माझ्याकडं.”

तिने विषय बदलायचा अर्ज केला. चाचणी चालू होण्याआधीच शाळा चाचणीला कशी सामोरी जाते, यावर तिला लिहायचं होतं. विषय चांगला होता, माहिती गोळा झालेली होती, माणसं मोकळी बोलत होती. संशोधन समितीने तो मान्य केला नाही. शीर्षकातला एखादा शब्द बदलता येतो, गाभा बदलता येत नाही. गाभा बदलायचा तर नव्याने नोंदणी. समितीतले दोघे माझे जुने सहकारी होते आणि त्यांचा नियम बरोबर होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, पूर्वी केलेलंही आहे.

तेव्हा तिने जुन्याच शीर्षकाखाली लिहिलं. ‘टॅब्लेटआधारित अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असं वर, आणि आत परिणामकारकता का सांगता येत नाही याची तीनशे पानं. मी वाचत होते तेव्हा मला ते पटत होतं आणि भीतीही वाटत होती. भाषा साधी होती. शिक्षकांना तिने कुठे खलनायक केलं नव्हतं. त्या मुलीचा प्रश्न तिने एका ओळीत जसाच्या तसा ठेवला होता, आणि मी तो काढायला सांगितला नाही.

खुली मौखिक परीक्षा आमच्या सभागृहात झाली. आईवडील शेवटच्या रांगेत बसले होते, आईच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, ज्येष्ठ, स्वभावाने बरे. त्यांनी प्रबंध वाचला होता, जे नेहमी घडत नाही. काही तांत्रिक प्रश्न झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की एवढं सगळं ठीक, पण टॅब्लेटचा उपयोग झाला की नाही?

“सर, मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “झाला म्हटलं तर पहिली चाचणी आम्हीच बिघडवली म्हणणारे शिक्षक मला खोटं पाडतात. नाही म्हटलं तर आता भराभर लिहिणारी पोरं.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले की शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात असावं लागतं. त्यांनी नापास केलं नाही. सुधारणा सुचवल्या. एक प्रकरण वाढवा, निष्कर्षांची भाषा शीर्षकाशी जुळवा, पुन्हा सादर करा. आईला वाटलं झालं, तिने पेढे वाटले. आम्ही ते खाल्ले. सांगणार कोण?

सुधारणांना चार-पाच महिने गेले. तेवढ्यात मुलाखती झाल्या. ज्याची नेमणूक झाली त्याचा प्रबंध अशाच एका साधनाच्या परिणामकारकतेवर होता आणि साधन परिणामकारक निघालेलं होतं. तिला पदवी मिळाली तेव्हा हातात तासिका होत्या, एका महाविद्यालयात सकाळी आणि दुसऱ्यात दुपारी. प्रबंध कपाटात ठरलेल्या जागी गेला. तिने मला एकदाही काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

कंपनीला मी माझा अहवाल दिला. त्यात मी काहीही गुळगुळीत केलं नाही. पहिल्या चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून या कार्यक्रमाच्या यशापयशाबद्दल काही म्हणता येत नाही, हे पहिल्याच पानावर. कंपनीच्या त्या अदबशीर माणसाने फोन करून आभार मानले. काही आठवड्यांनी कंपनीच्या एका समारंभात मोठा फलक लागलेला बघितला. मुलं टॅब्लेटवर वाकलेली, आणि खाली माझ्या अहवालातलं आतल्या पानावरचं एक वाक्य, ‘मुलांना टॅब्लेटवर काम करायला आवडते.’ ते वाक्य खरंच माझं होतं. त्यात चूकही नव्हती.

दुसरा टप्पा मंजूर झाला. मूल्यमापन पुन्हा आमच्याच विभागाकडे द्यावं असं कंपनीने कळवलं, कारण मॅडम काटेकोर आहेत, त्यांनी पहिल्या टप्प्यातल्या त्रुटीसुद्धा दाखवल्या. विभागप्रमुख ते वाचून दाखवताना हसत नव्हते, खरोखर खूश होते. मी नाही म्हणणार होते. सगळी वाक्यं तयार होती. मग त्यांनी सांगितलं की या वेळी प्रकल्पात पूर्णवेळ सहयोगीची जागा आहे, पगार तासिकांच्या दुपटीहून जास्त, आणि माझ्या विद्यार्थिनीला घ्यायला कुणाची हरकत नाही. प्रकल्प मी घेतला तर.

मी तिला विचारलं. या वेळी खरंच विचारलं. तिने दोन्ही महाविद्यालयांचं वेळापत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, घ्या.”

तर आम्ही पुन्हा पहिली चाचणी घ्यायला गेलो. रस्ता तोच. मधल्या काळात तिने आणि मी पद्धत बरीच बदलली होती. कुठल्याही शाळेची वाढ स्वतंत्रपणे जाहीर होणार नाही, कुणाचं नाव बैठकीत वाचलं जाणार नाही, असं कंपनीकडून आणि जिल्हा परिषदेकडून कबूल करून घेतलं होतं. शिक्षकांना ते समजावून सांगितलं होतं. शिक्षकांनी माना हलवल्या होत्या. ते माना हलवतातच.

गुरुजींनी दारातच हात जोडले. “मॅडम, ह्या टायमाला पोरांना कायच सांगितलं नाय. शपथ.” मी म्हटलं, बरं केलंत. दुसऱ्या टप्प्यात पाचवीही घेतली होती, म्हणून वर्ग आता पाचवीचा होता. तीच मुलं, पाय लांब झालेले. दोन वेण्यांची मुलगी आता मधल्या रांगेत होती. विद्यार्थिनीने प्रश्नपत्रिका वाटल्या, सूचना वाचल्या, आणि मुलांनी आधी आमच्याकडे, मग आमच्या मागे दाराकडे पाहिलं. गुरुजी तिथे उभे होते. ते ओशाळले. तोंड बाहेर करून पटांगणाकडे बघत म्हणाले, “येऊ द्या रे, येऊ द्या.”

म्हणजे आता हेही त्यांनी सांगितलंच. विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ हातात घेतलं.

त्या मुलीने हात वर केला. विद्यार्थिनी तिच्याजवळ गेली, खाली वाकली. वर्ग शांत असल्याने मलाही ऐकू आलं.

“ताई, सगळं येऊ द्यायचं का थोडं?”

“जेवढं येतंय तेवढं,” विद्यार्थिनी म्हणाली.

मुलीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. प्रश्न न कळलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग कागदावर वाकून तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं, आणि मी घड्याळ सुरू केलं.